बिनमथळ्याची फाइल

एमपी४ फाइलच्या पोटात चित्राची मापं, फ्रेमचा वेग, रंगांची मांडणी असं सगळं लिहिलेलं असतं. डबल-क्लिक केलं की चित्र सुरू. व्हिडिओ दाबणाऱ्या-उलगडणाऱ्या कोडेकचं काम करणाऱ्या माझ्यासारख्याकडे रोज येते ती रॉ वाययूव्ही फाइल, आणि तिला मथळाच नसतो. आत नुसते बाइट्स, एका फ्रेमचे संपले की लगेच दुसरीचे. मोडी लिपीत शब्द तोडून लिहीत नसत. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्यानं जाणायचं. इथेही तसंच.

अशी फाइल मी टर्मिनलमधून एफएफप्लेनं उघडतो. एफएफएमपेगसोबत येणारा हा साधा प्लेअर. ना मेनू, ना बटणं. कमांडमध्ये त्याला सांगायचं: फाइल रॉ व्हिडिओची आहे, माप ३५२ बाय २८८, पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही ४२०पी, सेकंदाला ३० फ्रेम्स. सांगाल ते तो खरं मानतो.

म्हणून आधी हिशेब करावा. ४२० मध्ये उजेडाला दर पिक्सेलमागे एक बाइट मिळतो. रंगाचे दोन थर मात्र आडवे-उभे दोन्हीकडून निम्मे. म्हणजे एक फ्रेम ३५२ × २८८ × १.५, अर्थात १,५२,०६४ बाइट्सची. पांढऱ्या हेल्मेटवाल्या माणसाची ‘फोरमन’ ही क्लिप कोडेकवाल्यांच्या पिढ्यांनी वापरली आहे. तिच्या ३०० फ्रेम्सचे ४,५६,१९,२०० बाइट्स होतात. फाइलच्या आकाराला फ्रेमच्या आकारानं भागून बाकी उरली, तर सांगितलेलं काहीतरी चुकलं आहे किंवा फाइल अर्धवट आहे. बाकी शून्य आली तरी निर्धास्त होऊ नये, कारण रुंदी-उंची उलटी केली तरी गुणाकार तोच येतो.

पुढचं काम डोळ्यांचं. चित्र खाली जाताना उजवीकडे कलत असेल तर रुंदी थोडी कमी सांगितली गेली. डावीकडे कलत असेल तर जास्त. माणसांचे चेहरे निळसर दिसले तर रंगाचे दोन थर अदलाबदल झाले. सपाट हिरवा पडदा दिसला तर तिथल्या बाइट्सची किंमत शून्य आहे, बहुधा डीकोडरनं काही लिहिलेलंच नाही.

१०८० ओळींच्या व्हिडिओत चित्र दर फ्रेमला १२ ओळी खाली घसरू लागलं, की मी उंचीत १०८० च्या जागी १०८८ घालतो. एच.२६४ हा कोडेक चित्राचे १६ बाय १६ चे ठोकळे करतो. १०८० ला १६ नं पूर्ण भाग जात नाही, म्हणून आत १०८८ ओळी असतात, आणि काही हार्डवेअर डीकोडर जादा ८ ओळींसकट बफर हाती देतात. उजेडाच्या ८ ओळी आणि रंगाचा ४ ओळींएवढा भाग मिळून १२ ओळींची घसरण होते. फ्रेम थांबवून ‘एस’ दाबत एकेक पुढे गेलं की ती मोजताही येते.

एवढा खटाटोप कशाला, पीएसएनआर हा दर्जाचा आकडा काढून मोकळं व्हावं, असं नवे सहकारी म्हणतात. पण पीएसएनआर दोन फाइली बाइटला बाइट लावून ताडतो. दोन्हींची रुंदी-उंची उलटी सांगितली तरी आकडा तसूभर बदलत नाही. दोन्हींचे रंग सारखेच उलटे असले तरी त्याला पत्ता लागत नाही. शिवाय तो सरासरीचा आकडा. शेकडो चांगल्या फ्रेम्समध्ये एक फुटकी फ्रेम सहज लपते. आकडा फरक मोजतो. समोरचं चित्र चित्र आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

तेव्हा रॉ फाइल कुणाला पाठवाल, तर मापं, फॉरमॅट आणि वेग तिच्या नावातच लिहा. आणि अहवालात आकडा भरण्याआधी ती फाइल एकदा चालवून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.