दप्तरी दाखल

‘जमाव पांगविण्याकरिता आवश्यक तेवढ्याच किमान बळाचा वापर करण्यात आला. अर्जात तथ्य आढळून येत नाही. सबब अर्ज दप्तरी दाखल करावा.’

या तीन वाक्यांखाली मी किती वेळा सही केली, ते मोजलेलं नाही. कुणाच्या दबावाखाली केली असंही नाही. दगड अंगावर येत असताना ज्यानं लाठी उचलली, त्याचा हिशेब पंख्याखाली बसलेल्यानं मागू नये, असं मी मनापासून मानत होतो. आपली माणसं सांभाळणं हेच वरिष्ठाचं काम, असं मला वाटायचं.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या तुकडीनं गोळीबार केला आणि १० माणसं गेली, तेव्हा मी सहायक निरीक्षक होतो. रात्री मेसमध्ये एकच विषय होता, गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी आपण असतो तर? गेलेल्या माणसांच्या जागी आपण असतो तर, हे कुणाच्या तोंडून आलं नाही. माझ्याही नाही. चौकशी आयोगानं गोळीबार असमर्थनीय ठरवला, २००९ मध्ये सत्र न्यायालयानं त्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली, त्यावर अपीलही झालं. मी मात्र एवढंच म्हणत राहिलो की आयोगाला विचार करायला वेळ असतो, बंदोबस्तावरच्या माणसाला नसतो.

पुढे उपअधीक्षक झालो, उपविभाग मिळाला आणि मारहाणीचे तक्रार अर्ज माझ्या टेबलावर येऊ लागले. अशा अर्जाचा प्रवास बाहेरच्यांना ठाऊक नसतो. तो अधीक्षक कार्यालयातून ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन माझ्याकडे यायचा. मी तो ठाण्याच्या निरीक्षकाकडे पाठवायचो. निरीक्षक तो बऱ्याचदा त्या दिवशी बंदोबस्तावर असलेल्या फौजदाराच्याच हातात द्यायचा. मग अहवाल त्याच पायऱ्या चढून वर यायचा. ज्याच्याविरुद्ध अर्ज, त्याचंच उत्तर, फक्त वर दोन सह्या जास्त. त्यातली एक माझी. याला आम्ही पर्यवेक्षण म्हणत होतो.

मत बदललं ते प्रशिक्षण केंद्रात. २०१५ च्या सुमारास माझी तिथं नेमणूक झाली. जमाव नियंत्रणाचा तास होता. पुस्तकी बोलण्यापेक्षा खरी प्रकरणं दाखवावीत म्हणून मीच निकाली काढलेल्या पाच अर्जांच्या प्रती घेऊन गेलो. फळ्यावर खडूनं माणसाची आकृती काढली, समोरून, नेहमी काढतात तशी. लाठी कमरेखाली चालवायची, हे या आकृतीवर दाखवायचं होतं. मग जखम प्रमाणपत्रं वाचत एकेका जखमेची खूण करायला गेलो. डाव्या पोटरीची मागची बाजू. पाठ. डोक्याचा मागचा भाग. पुन्हा पाठ. त्या आकृतीवर खूण करायला जागाच नव्हती. मला दुसरी आकृती काढावी लागली, पाठमोरी.

वर्गात कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. ती माणसं पळत होती. जमाव पांगला होता आणि लाठी त्यानंतरही चालत राहिली होती. पाच अर्जांतल्या तिघांची हीच गत होती. ती प्रमाणपत्रं माझ्या सहीच्या आधीपासून फायलीत लावलेली होती. मी ती उलटून पुढं गेलो होतो, कारण मी आधी अहवाल वाचत असे आणि अहवाल वाचून झाला की बाकीचं वाचायची गरज वाटत नसे. त्यातलं ‘किमान बळा’चं वाक्य तर माझंच होतं. फौजदार असताना मी तो मसुदा बांधला होता आणि पुढं तो ठाण्याठाण्यांत फिरत राहिला. इतकी वर्षं मी माझंच वाक्य तपासून मंजूर करत होतो.

त्या रात्री जे सुचलं ते आजही मला सोडत नाही. कोठडीत माणूस मेला तर २४ तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं, न्यायदंडाधिकारी चौकशी करतात. चकमकीत मेला तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे जातो. पण ज्याचा नुसता हात मोडला, त्याच्यासाठी बहुतेक वेळा यातलं कुणीच येत नाही. २०१४ मध्ये राज्याच्या पोलीस कायद्यात तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली खरी, पण बसस्थानकावरचा हमाल तिथवर पोचतो कुठं? त्याच्यासाठी उपविभागातला अधिकारीच असतो. तो मी होतो आणि मी प्रमाणपत्र वाचलं नव्हतं.

पुन्हा उपविभाग मिळाल्यावर मी अर्ज ज्या ठाण्याविरुद्ध असे त्याच ठाण्याकडे पाठवणं बंद केलं. आधी जखम प्रमाणपत्र, मग अर्जदार, अहवाल सगळ्यांत शेवटी. प्रत्येक अंमलदारानं स्वतःच्या शब्दांत लिहायचं: हुकूम कुणी दिला, लोक कधी वळले, तू कधी थांबलास. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या निकालानंतर ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण किमान वर्षभर जपणं बंधनकारक झालं, तेव्हापासून ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर मी घेतलं नाही. दोन जणांवर विभागीय चौकशी लावली. त्यातला एक माझा जुना, विश्वासाचा हवालदार होता. तो नंतर माझ्याशी बोलला नाही.

एका निरीक्षकानं तोंडावर सांगितलं, “साहेब, अशानं पोरं हात आखडता घेतील.” त्याचं पूर्ण चुकलं नव्हतं. एका मिरवणुकीत जमाव मागं फिरतोय असं वाटून एक शिपाई थांबला, आणि त्याच क्षणी आलेल्या विटेनं त्याचा जबडा मोडला. दवाखान्यात त्याच्या खाटेशेजारी बसलो तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. तारांनी बांधलेल्या तोंडानं त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं माझ्याकडून कागद मागून घेतला आणि लिहिलं, ‘मी थांबलो होतो. तसं लिहा.’

तो अहवाल मी कुणाकडे सोपवला नाही, स्वतः लिहिला. जुनं वाक्य कुठंही न वापरता. चार पानं झाली.