प्राध्यापकाला काम तरी किती?

"प्राध्यापकाला दिवसाचे तीन तास, बाकी सुट्टीच!" आपल्या वस्तीत हे बोलणे आम्ही नेहमी ऐकतो. ज्यांनी कारखान्यात आठ-आठ तास उभ्याने काढले, पहाटे महापालिकेचा झाडू हाती घेतला, त्यांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून पुण्यात शिकवणाऱ्या आम्हा मंडळींचा हिशेब एकदा समाजबांधवांपुढे ठेवावासा वाटतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी पूर्णवेळ शिक्षकाला आठवड्याला किमान ४० तास काम सांगितले. त्यात सहायक प्राध्यापकाचे शिकवण्याचे तास १६. बाकीचे कुठे जातात? तासाची तयारी, स्वतःचे संशोधन, विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासणे हे आलेच. शिवाय प्रवेश, प्रश्नपत्रिका, पर्यवेक्षण, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आणि 'नॅक'च्या मूल्यांकनासाठी फायलींचा डोंगर! कायम जागा रिकाम्या राहिल्या की हाच भार उरलेल्यांवर पडतो. तासिका तत्त्वावरच्या बंधू-भगिनींना तर घेतलेल्या तासाचेच पैसे. तयारीचे नाहीत, सुट्टीचेही नाहीत.

यातून वेळ काढून आमच्यातले कित्येक जण विहारात अभ्यासवर्ग घेतात, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतात. ते ओझे नव्हे, ते ऋण आहे.

बाबासाहेब नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. त्याच काळात, १९१९ साली, त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केले. मात्र पुढच्या अभ्यासासाठी त्यांनी ती नोकरी सोडली आणि त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. अभ्यासाला मोकळा वेळ लागतोच, हे यावरून आपण शिकावे.

फायलींनी शिक्षकाचा वेळ खाल्ला तर नुकसान कोणाचे? ज्याच्या घरी पुस्तके आहेत, शिकवणीला पैसे आहेत, त्याचे फारसे नाही. ज्याच्या घरातून कॉलेजात पहिलेच पाऊल पडले, त्याला मात्र विचारायला दुसरे कोणी नसते. एका माणसावर तिघांचे काम घातले की माल बिघडतो, हे कामगाराला सांगायला नको. इथे तर आपली मुले आहेत.

म्हणून रिकाम्या जागा भरा, ही मागणी फक्त प्राध्यापकांची नव्हे, पालकांचीही असली पाहिजे. आणि आपल्या मुला-मुलींना सांगा, शंका असली तर संकोच न करता सरांना, मॅडमना गाठा. आम्ही कितीही कामात असलो तरी त्याच कामासाठी या पेशात आलो आहोत.

जयभीम!