न सांगितलेल्या कामाचें बिल

दांतदुखी हा विषय विनोदी लेखकांस फार प्रिय आहे. सुजलेला गाल, डोक्याला बांधलेला रुमाल, दाढेखालीं लवंग धरून रात्रभर घातलेल्या येरझारा, एवढें वर्णन केलें कीं वाचक हंसूं लागतो. गेल्या पावसाळ्यांत तो प्रसंग मजवरहि आला. परंतु येथें सांगावयाची हकीकत दुखण्याची नव्हे, हिशेबाची आहे. विद्यार्थ्यांनीं ती वाचावीच. पण ज्यांच्या नांवें बिलें येतात त्या पालकांनीं ती अधिक लक्षपूर्वक वाचावी अशी माझी विनंति आहे.

आमचें शिक्रापूर आतां नुसतें खेडें राहिलेलें नाहीं. पुण्याहून अहिल्यानगराकडे जाणारा महामार्ग व चाकणकडून येणारा रस्ता यांचा येथें संगम होतो. एका बाजूस सणसवाडीचे कारखाने, दुसऱ्या बाजूस रांजणगांवची औद्योगिक वसाहत. पोटासाठीं दूरदूरचीं माणसें येऊन राहिलीं व त्यांच्या मागोमाग खानावळी, बँका, औषधांचीं दुकानें व दांतांचे दवाखानेहि आले. ही मोठीच सोय झाली, हें मी प्रथमच मान्य करितों. मुंबईच्या नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय १९३३ सालचें. दंतवैद्यांची रीतसर नोंदवही ठेवण्याचा संबंध देशासाठीं झालेला कायदा १९४८ सालचा. त्यापूर्वींच्या पिढ्यांनीं बाजारांत चिमटा घेऊन बसलेल्या माणसापुढें तोंड उघडलेलें आहे. शिकलेल्या दंतवैद्याची किंमत मला नाहीं, असें कोणीं समजूं नये.

माझी उजव्या बाजूची खालची एक दाढ किडली होती. डॉक्टरांनीं पाहिली, तिचा एक लहान एक्स-रे काढावा लागेल असें सांगितलें, आणि दाढ भरण्याचे १,२०० व एक्स-रेचे ३०० असा आंकडा तोंडीं ठरला. मीं होकार दिला. दाढ बधिर झाली, काम सुरू झालें. तें संपत आलें असें वाटत असतांच यंत्र शेजारच्या दाढेकडे वळलें आणि थोड्या वेळानें डाव्या बाजूस गेलें. मीं हात वर केला. तोंडांत कापसाचे बोळे, जिभेशीं पाणी ओढणारी नळी. हाताखेरीज दुसरी भाषा मजजवळ नव्हती. “झालंच हं सर, दोन मिनिटं,” असें उत्तर मिळालें. त्यानंतर सर्व दांत यंत्रानें साफ करण्यांत आले. खुर्चीवरून उठलों तेव्हां बिल ५,४०० रुपयांचें होतें.

तें बिल मीं तेथेंच बसून वाचलें. त्यांत दाढांचीं नांवें नव्हतीं, नुसते आंकडे होते: ४६, ४७ व ३६. मुलांनो, हे आंकडे वाचतां येणें कठीण नाहीं. मोठ्या माणसाचे दांत बत्तीस. तोंडाचे चार भाग कल्पून प्रत्येक भागास आठ दांत येतात. पहिला अंक भागाचा समजावयाचा: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा अंक अगदीं मधल्या दांतापासून मागें मोजीत जावयाचा. उजवें-डावें रुग्णाचें, समोर उभ्या असलेल्या डॉक्टरांचें नव्हे. तेव्हां ४६ म्हणजे खालच्या उजव्या बाजूचा सहावा दांत, माझी दुखरी दाढ. ४७ ही तिच्या मागची. ३६ ही डाव्या बाजूची. प्रत्येकीचे १,२००, साफसफाईचे १,५०० व एक्स-रेचे ३००. घरीं गेल्यावर आरशासमोर उभे राहून आपले दांत या रीतीनें मोजून पाहा.

मीं १,५०० रुपये पुढें केले आणि तेवढ्याची पावती मागितली. पैसे घेण्याच्या टेबलाशीं बसलेली मुलगी आमच्याच शाळेची माजी विद्यार्थिनी निघाली. ती हळूच म्हणाली, “सर, भरून टाका ना. बाकी राहिली तर डॉक्टर मलाच विचारतील.” सबंध प्रकरणांत मला खरोखर अवघड वाटलें तें एवढेंच वाक्य. तिचा पगार किती असेल याचा अंदाज कोणासहि करतां येईल. मीं बिलाच्या मागें लिहून दिलें कीं, दाढ क्रमांक ४६ व एक्स-रे यांचे ठरलेले पैसे दिले आहेत. बाकीचें काम मीं सांगितलेलें नाहीं. रक्कम न देण्याचा निर्णय सर्वस्वीं माझा असून येथील कर्मचाऱ्यांचा त्याच्याशीं संबंध नाहीं. खालीं सही व तारीख घातली. त्या कागदाचें छायाचित्र तिनेंहि आपल्या फोनवर घेतलें.

दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांचा फोन आला. ते सभ्यपणें बोलले, हें सांगणें माझें कर्तव्य आहे. “सर, मी तुमच्या भल्यासाठीच केलं. कीड होती. पुन्हा यायचा तुमचा त्रास वाचला.” मीं म्हणालों, “डॉक्टरसाहेब, कीड असेलहि. पण विचारायला किती वेळ लागला असता?” यावर ते म्हणाले, “प्रत्येक गोष्ट पेशंटला विचारत बसलो तर काम कसं होणार?”

वादाचें मूळ या उत्तरांत आहे, म्हणून मी त्यावर थोडा थांबतों. भलें करणें आणि संमति घेणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असली म्हणजे दुसरीची गरज उरत नाहीं, असें नाहीं. एका खोलीस रंग द्यावयास सांगितलें असतां रंगाऱ्यानें सबंध घर रंगवून बिल पुढें केलें, तर त्यास आपण काय म्हणूं? आणि भिंतीवरचा रंग पुन्हा बदलतां तरी येतो. दांताचें वरचें कवच एकदां कोरलें कीं तें परत वाढत नाहीं. मीं दुसऱ्या एका दंतवैद्यांस तोंड दाखविलें. मागची दाढ भरली हें वावगें नव्हतें, दोन दाढांच्या फटींत कीड समोरासमोर पसरते, असें त्यांनीं सांगितलें. डाव्या दाढेविषयीं मात्र आतां कांहींच सांगतां येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें. तिचा एक्स-रे काढलेलाच नव्हता, आणि जो पुरावा होता तो यंत्रानें कोरला गेला.

येथें डॉक्टरांच्या बाजूचें एक बळकट कलमहि सांगितलें पाहिजे, नाहीं तर लेख एकांगी होईल. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचें ७० वें कलम असें कीं, फुकट करण्याचा हेतु नसतां कोणी दुसऱ्यासाठीं कायदेशीरपणें कांहीं काम केलें व दुसऱ्यानें त्याचा लाभ घेतला, तर त्यानें भरपाई दिली पाहिजे. प्रथम वाचलें तेव्हां मला वाटलें, संपलें. दाढ तर मी चघळण्यास वापरतोंच आहें! परंतु बंगालच्या सरकारासाठीं एका ठेकेदारानें बांधलेल्या इमारतींच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६१ सालीं या कलमाचा अर्थ स्पष्ट केला आहे. वस्तु नाकारण्याची अथवा परत करण्याची मोकळीक असतांना ती स्वेच्छेनें स्वीकारली, तरच हें कलम लागतें. दाढेंत भरलेलें सिमेंट मी परत कसें करणार? हात वर केला होता, तेवढीच माझी मोकळीक होती.

रुग्णाच्या संमतीसंबंधीं तर याहून सरळ निकाल आहे. १९९५ सालीं दिल्लींत समीरा कोहली नांवाच्या बाईंनीं मुख्यतः तपासणीसाठीं दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेस संमति दिली. त्या भुलेच्या अंमलाखालीं असतां बाहेर बसलेल्या आईची संमति घेऊन डॉक्टरांनीं त्यांचें गर्भाशय काढून टाकलें. बिलावरून तंटा झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १६ जानेवारी २००८ रोजीं निकाल लागला. डॉक्टरांचा हेतु वाईट होता असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. तरीहि एका कामाची संमति दुसऱ्या कामास चालत नाहीं. जीव धोक्यांत असेल किंवा थांबणें शक्य नसेल तेव्हांच अपवाद, असें ठरलें. शस्त्रक्रियेची सबंध फी नाकारण्यांत आली व वर २५,००० रुपये भरपाई देवविली. माझ्या डाव्या दाढेस थांबणें शक्य नव्हतें, असें कोणी म्हणेल काय?

एवढ्याशा रकमेसाठीं एवढी खटपट कां, असें शिक्षकांच्या खोलींत मला विचारण्यांत आलें. त्याचें कारण त्याच आठवड्यांत आमच्या आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील एक कागद घेऊन मजकडे आले. ते कारखान्यांत कंत्राटी कामगार आहेत. दवाखाना दुसरा, पण गोष्ट तीच. पत्नीची एक दाढ काढावयाची होती, ८०० रुपये ठरले होते. बिल झालें ६,२००, त्यांत दोन दाढा भरल्याचे, साफसफाईचे व सबंध जबड्याच्या एक्स-रेचे पैसे. बाईंनीं बचतगटांतून उचल करून ते भरले. संमतिपत्र सारें इंग्रजींत, कामाचें नांव लिहावयाची ओळ कोरी, आणि खालीं सही. “बोट ठेवलं तिथं सही केली, सर,” ते म्हणाले. ज्यास इंग्रजी वाचतां येतें, वाद घालण्याची रोजची संवय आहे, अशा मजसारख्यानें पैसे मुकाट्यानें भरले, तर या गृहस्थांनीं कोणाच्या बळावर विचारावें?

दवाखान्याचें भाडें, खुर्चीवरील कर्जाचे हप्ते, हें सर्व मला ठाऊक आहे. तरुण दंतवैद्यांवर त्याचें ओझें असतें व त्याविषयीं मला सहानुभूति आहे. पण तो हप्ता बचतगटाच्या उचलींतून कां फिटावा?

आपल्या पुण्यास या विषयांत अभिमान बाळगण्यास जागा आहे. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं ग्राहक पंचायत पुण्यांतच सुरू केली, ती ग्राहकांसाठीं देशांत कायदा होण्यापूर्वीं बारा वर्षें. कायदा १९८६ सालीं झाला. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेंत येते, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं सांगितलें. त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याप्रमाणें तक्रारदार जेथें राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार देतां येते. सेवेसाठीं दिलेली रक्कम पांच लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं, व वकील केलाच पाहिजे असेंहि नाहीं. खर्च होतो तो रजेचा व वाघोलीच्या वाहतूक कोंडींतील वेळाचा! २०१८ सालीं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानें तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेंत तपशीलवार बिल व आपले कागदपत्र मिळण्याचा हक्कहि लिहिलेला आहे.

मीं डॉक्टरांस मराठींत एक पानाचें पत्र लिहिलें. काय ठरलें, काय दिलें, काय सांगितलें नव्हतें, एवढेंच त्यांत होतें. रागाचा एकहि शब्द घातला नाहीं. ४६ क्रमांकाचा एक्स-रे मागितला. आठ दिवसांनीं एक्स-रे आला, आणि साफसफाई व डावी दाढ यांचे मिळून २,७०० रुपये सोडल्याचा निरोपहि. मागच्या दाढेचे १,२०० मात्र द्यावे, असें त्यांनीं कळविलें. त्या दाढेचें काम चांगलें झालें आहे, हें मीं उलट पत्रीं कबूल केलें. पैसे दिले नाहींत. बाकी भरण्याविषयीं फोनवर आणखी दोन संदेश आले, मग ते थांबले. रक्कम रद्द केल्याचें लेखी अजून मिळालेलें नाहीं. पावती व पत्राची प्रत मीं जपून ठेविली आहे. ती माजी विद्यार्थिनी अद्याप तेथेंच कामास आहे, याचें मला समाधान वाटतें.

त्या कामगार गृहस्थांचें पत्र त्यांच्या मुलानें स्वतःच्या हातानें लिहिलें. मीं फक्त दोन वेलांट्या सुधारल्या. कामाचा तपशील, एक्स-रेची प्रत व न सांगितलेल्या कामाचे पैसे, अशा तीन मागण्या त्यांत आहेत. पत्र स्पीड पोस्टानें गेलें. पोंचल्याची नोंद मुलानें वहींत चिकटविली आहे. हा मजकूर छापावयास जाईपर्यंत उत्तर आलेलें नाहीं. दोन वर्षांच्या मुदतींतील दीड वर्ष अद्याप शिल्लक आहे, आणि आयोगाकडे द्यावयाच्या अर्जाचा मसुदा बापलेकांनीं दिवाळीच्या सुटींत लिहावयास घेतला आहे.