दीड सप्तक आणि एक पोलादी कांडी

नॅशव्हिल, रात्र. आज बेसबॉलच्या सामन्याआधी एका मुलीने अमेरिकेचं राष्ट्रगीत गायलं. बँड नाही, साथीला एकच पेडल स्टील गिटार. अजून कानातून जात नाही.

या गाण्याचा आवाका सुमारे दीड सप्तकाचा. १९३१ साली ते राष्ट्रगीत झालं, चाल मात्र लंडनच्या एका क्लबातल्या गाण्याची. शेवटची उंच जागा भल्याभल्यांना दमवते. पेडल स्टीलला वाजवायला पडदे नाहीत, खुणेपुरत्या रेघा आहेत. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकते, पायाखालचे पेडल वाजत्या तारेलाच ताण देतात. त्या चढणीवर वादकाने दोन पेडल हळूच दाबले. एका तारेवरचा गंधार मध्यमात गेला, दुसरीवरचा पंचम धैवतात आणि षड्ज तसाच घुमत राहिला. आपण जिला मींड म्हणतो तीच ही, फक्त पायाने घेतलेली! मला भरून आलं.

तो तिच्या पुढे एकदाही गेला नाही. तिने श्वास घेतला की तेवढी फट भरायचा, ती सुरू झाली की व्हॉल्यूमच्या पेडलवरचा पाय सैल करायचा. साथ म्हणजे हेच, असं मी घरच्या पेटीवाल्यांकडून लहानपणापासून ऐकत आले आहे. शेवटचा सूर तिने सोडला, तरी त्याची कांडी तारेवर किंचित थरथरत होती. मग लोक ओरडले आणि तो सूर बुडाला. मला तो पुरता ऐकायचा होता.