अर्धी गवळण

आमच्या गावात भजनाला घड्याळ नव्हतं. शनिवारी रात्री जेवणं उरकली की एकेक जण मारुतीच्या देवळात यायचा. पेटी उघडायची, पखवाजाच्या डाव्या अंगाला भिजवलेली कणीक लावायची आणि सूर जुळेपर्यंत उसाच्या पाण्याच्या पाळीवर बोलणं चालायचं. गाणारे माझे चुलते, थोरले आप्पा. त्यांचा गळा बारा वाजल्याशिवाय तापायचा नाही. पहिले दोन-तीन अभंग घोगरेच जायचे, त्याचं कुणाला काही वाटत नसे. मध्यरात्र उलटली की मात्र आवाज असा वर चढायचा, की वस्तीवर झोपलेली माणसं घोंगडं पांघरून देवळात येऊन बसायची.

मी पंचविशीत असताना कोल्हापुरात भजनाची स्पर्धा होती, तिथं आमच्या मंडळाला बोलावणं आलं. जागा केशवराव भोसले नाट्यगृह. शेजारचं खासबाग मैदान आम्हाला पाठ होतं, कुस्त्यांना दरसाल जायचो. पण शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालापासूनचं ते थिएटर आम्ही फक्त रस्त्यावरून बघितलेलं. आप्पा म्हणाले, "संगीतसूर्याच्या जागेत आपुन गायाचं म्हणजे गंमत न्हवं."

फेटे बांधून, धुतलेली धोतरं नेसून आम्ही नऊ जण टेम्पोतनं गेलो. वेळ मिळाली बारा मिनिटं. एक अभंग, एक गवळण आणि शेवटी गजर, असं ठरलं.

देवळात आम्ही गुडघ्याला गुडघा लावून गोल बसायचो. इथं लोकांकडं तोंड करून ओळीत बसवलं. पखवाजवाले दाजी कानात म्हणाले, "मला आप्पांचं तोंड दिसंना रं, ठेका कुणाकडं बघून धरू?" पडदा वर गेला. डोळ्यांवर दिव्यांचा झोत, समोर नुसता काळोख. त्यातनं फक्त खोकला ऐकू यायचा. आपलाच आवाज कर्ण्यातनं फिरून मागनं कानावर पडायचा. भीतीनं लय वाढली. माझे हात गार पडले होते, टाळ एकदा चुकलाच. आप्पांचा पहिला सूर फाटला. अभंग कसाबसा पार पडला.

गवळण सुरू झाली आणि मधेच आप्पांनी मान डावीकडं कलती केली. ही खूण आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. आता गळा उघडणार. दाजी सावरून बसले, लय जागेवर आली. आप्पांनी एक तान घेतली आणि काळोखातला खोकला थांबला. पुरं थिएटर गप झालं. ते गप होणं मला आजही अंगावर आठवतं.

तेवढ्यात घंटा वाजली.

घंटेनंतर गायलं तर गुण कापणार होते. दाजींनी पखवाजावर हात ठेवला. आप्पांनी पुढची ओळ गिळली, वाकून नमस्कार केला आणि उठले. नंबर आला नाही. गाव येईपर्यंत टेम्पोत कुणी बोललं नाही.

पुढं आप्पा बदलले. शनिवारी दिवसभर मोटेच्या जुन्या विहिरीवर एकटेच सूर लावत बसायचे. देवळात यायचे ते गळा तापवूनच. पहिल्या अभंगापासून आवाज चोख लागायचा. लोक खूश झाले. अकरालाच भजन आटपायला लागलं, सकाळी धारा काढायला लवकर उठता येई. पण मध्यरात्रीची ती वाट बघणं संपलं. वस्तीवरनं घोंगडं पांघरून कुणी आलं नाही पुन्हा. थिएटरनं आम्हाला काय दिलं आणि काय नेलं, याचा हिशेब मला अजून मांडता येत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आप्पांची नव्वदी जवळ आलेली, कान कमी झालेले. मी पेपर जवळ धरून फोटो दाखवला.

"बसलोतो ती जागाबी गेली?"

"व्हय आप्पा. रंगमंचच जळाला."

बराच वेळ ते फोटोवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "आपली गवळण तिथंच ऱ्हायली व्हती रं. अर्धी."

मी उठलो आणि माळ्यावर टाळ शोधायला चढलो.