मागल्या बाकावरचा प्रश्न

“सर्व सजीवांचे अन्न अखेर सूर्यापासून येते,” हे वाक्य मी पंचवीस वर्षे वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने उच्चारीत आलो. टिपणवहीतले ते पान पिवळे पडले, पण वाक्याला कधी ओरखडा उठला नाही. मग एके दिवशी मागल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, समुद्राच्या तळाशी प्रकाश पोचत नाही, तिथले प्राणी काय खातात?” “वरून पडणारे उष्टेखरकटे!” असे म्हणून मी तिला खाली बसविले. वर्ग हसला. घरी येऊन पुस्तके उघडली, आणि माझा मीच खजील झालो.

१९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ काही भूशास्त्रज्ञ ‘आल्विन’ नावाच्या पाणबुडीतून सुमारे २,५०० मीटर खोल उतरले. समुद्रतळातून फुटणारे उष्ण झरे त्यांना पाहावयाचे होते. जीवशास्त्रज्ञ बरोबर एकही नव्हता. त्या गडद अंधारात झऱ्यांभोवती त्यांना आढळली भरभराटलेली वस्ती! त्या वस्तीत पांढऱ्या नळ्यांत राहणारे, तांबड्या तुऱ्यांचे कृमी होते. पूर्ण वाढलेल्या कृमीला ना तोंड, ना आतडी. मग हे जगतात कशावर?

मेरेडिथ जोन्स हे शास्त्रज्ञ हार्वर्डमध्ये या कृमींविषयी व्याख्यान देत होते. कृमीच्या देहात गंधकाचे कण सापडतात, असे त्यांनी सांगताच कोलीन कॅव्हनॉ ही विद्यार्थिनी उभी राहिली. कृमीच्या आतच जंतू असले पाहिजेत, हा तिचा तर्क. तो १९८१ साली सप्रमाण प्रसिद्ध झाला. सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी असलेला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू कृमीचे रक्त आत वाहून नेते. त्याचे ज्वलन करून मिळालेल्या शक्तीवर जंतू अन्न तयार करतात, आणि त्यावर घरधन्याचेही पोट भरते.

तिथेही एक विद्यार्थिनी उभी राहिली होती. पण तिला कोणी खाली बसविले नाही, एवढाच काय तो फरक!

दुसऱ्या दिवशी मी भर वर्गात माझी चूक कबूल केली आणि फळ्यावर ते वाक्य लिहून खोडले. तोच तीच मुलगी पुन्हा उभी राहिली. “पण सर, त्या ज्वलनाला लागणारा प्राणवायू? तो तर वरच्या वनस्पतींनी सूर्यप्रकाशातच तयार केलेला ना?”

या वेळी मी खडू तिच्या हाती दिला.