ओटीवरचं वायफाय

डोंबिवली, रविवार

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. गाडी पनवेलला दोन तास उशिरा आली, पण वहिनीने दिलेलं खाजं होतं, त्यामुळे कुणी कुरकुरलं नाही. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू ‘हां हां’ म्हणतोस आणि रिसीव्हर ठेवल्यावर विसरतोस. म्हणून पत्र. शिवाय सोबत एक चिठ्ठी आहे, ती व्हॉट्सॲपवर पाठवायची नव्हती.

गणपतीत तुझ्याकडे आल्याआल्या तुझ्या चिरंजीवांना वायफायचा पासवर्ड विचारला, तर त्यांनी बोट दाखवलं ते कॅलेंडरकडे. दुधाच्या हिशोबाशेजारी, लाल मार्करने, तुझा मोबाइल नंबर. तोच पासवर्ड! अरे, हा नंबर तुझ्या आंब्याच्या प्रत्येक पेटीवर छापलेला आहे. म्हणजे दर एप्रिलमध्ये तुझ्या घरची किल्ली वाशी मार्केटात जाते आणि तिथून कुठे कुठे, देवालाच ठाऊक.

पेटीवर नसता तरी फारसा फरक पडला नसता म्हणा. तुझा फोन राउटरला जोडला जाताना दोघांत जी ओळखदेख होते, ती अंगणात उभा राहून कुणालाही टिपून घेता येते. मग तो घरी जाऊन निवांत एकेक पासवर्ड लावून बघतो. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला दहा लाखांच्या आसपास लावून बघतो. आपले मोबाइल नंबर 6 ते 9 नेच सुरू होतात, म्हणजे शक्यता फार तर 400 कोटी. जेवायला बसून पान लावेपर्यंत काम झालं.

त्या रात्री तुम्ही सगळे आरतीनंतर झोपलात आणि मी राउटर उघडून बसले. डबा उलटा केला, खालच्या स्टिकरवरचा 192.168.1.1 हा पत्ता टाकला, नावाच्या जागी ॲडमिन, पासवर्डच्या जागीही ॲडमिन. उघडला! वायरमन जसा लावून गेला तसाच होता. इथे जो शिरेल तो तुझा पासवर्ड बदलू शकतो हे तर झालंच, पण बँकेचा पत्ता टाकल्यावर तुला भलत्याच पानावर नेऊन सोडायची सोयही करून ठेवू शकतो. आत जोडलेल्यांची यादी होती. घरातले, पाहुण्यांचे, सगळे फोन, टीव्ही-बिव्ही मोजून वजा केले तरी सहा फोन उरले. खिडकीतून बघितलं तर वडाच्या पारावर सहा चेहरे निळे उजळलेले.

सकाळी तुला सांगितलं तर तू म्हणालास, ‘‘बसांदेत गो, आपला काय जाता?’’

मला 2008 आठवलं. मी तेव्हा नव्या मुंबईत कामाला होते. 26 जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले, आणि त्याआधी काही मिनिटं गेलेला धमकीचा ईमेल सानपाड्यातल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून गेल्याचं निघालं. तिथे राहणारा एक परदेशी माणूस होता. ईमेल कुणी का पाठवेना, पोलीस आधी आले ते त्याच्याच दारात. आमच्या ऑफिसात दुसऱ्या दिवसापासून जो तो घरचं वायफाय बंद करायला धावला. पारावरची पोरं काही तसली नव्हेत, मला माहीत आहे. त्यातल्या दोघांनी तर आपला गणपती उचलला. पण बाहेरून बघणाऱ्याला सहाही फोन म्हणजे तूच.

तुला कुणाला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि म्हणावंस असं माझंही मत नाही. आपल्या घरात आलेला माणूस खळ्यातून पायरी चढून ओटीवर बसतो. पाणी, चहा, गप्पा सगळं तिथे. माजघरात जायला नातं लागतं. तुझ्या वायफायला ओटीच नव्हती. आला तो थेट माजघरात. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ म्हणून असतं, ती ओटी. मी सुरू केली आहे. तिथल्याला इंटरनेट मिळतं, पण चिरंजीवांचा लॅपटॉप किंवा प्रिंटर दिसत नाही. आंब्याच्या गोदामातला कॅमेरा आणि टीव्हीही मी ओटीवरच बसवलेत. असल्या वस्तूंचं सॉफ्टवेअर विकल्यानंतर कुणी फारसं बघत नाही, त्या माजघरात नकोत.

माजघराचा पासवर्ड चिठ्ठीत आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार मालवणी शब्द, इंग्रजी अक्षरांत. शब्दकोशात सापडणार नाहीत आणि वहिनीला पाठ होतील. पासवर्ड लिहून ठेवू नये म्हणतात, ते मला तरी पटत नाही. कॅलेंडरवर नको, कपाटात दागिन्यांच्या डब्यात चालेल. ॲडमिनचा नवा पासवर्ड चिठ्ठीच्या मागे आहे.

पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची ती राउटरवरची डब्ल्यूपीएसची सोयही बंद केली आहे. त्यातला पिन आठ आकडी, म्हणजे दहा कोटी शक्यता. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पहिले चार बरोबर की चूक ते वेगळं सांगून टाकतो. मग उरतात जेमतेम 11 हजार. 2011 साली हे उघड झालं, तरी ही सोय अजून येतेच आहे.

चिरंजीव म्हणत होते, नेटवर्कचं नाव लपवूया. मीही एकदा लपवलं होतं, मोठ्या ऐटीत. शेजारच्या अकरावीतल्या मुलाने दोन मिनिटांत शोधून दाखवलं. वर माझाच फोन जिथे जाईल तिथे त्या नावाने हाका मारत फिरत होता. तो नाद नको.

मागच्या खोलीत रेंज येत नाही, ते मात्र राहिलं. भिंत चिऱ्याची, दीड फुटी. त्यात राउटर लोखंडी कपाटामागे. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय तर तिथून पडवीपर्यंतही जात नाही. राउटर माजघरात उंचावर घे, आणि मागे एक केबल ओढून दुसरा डबा लाव. बाहेरून येणारी इंटरनेटची पिवळी वायर काटकोनात दुमडू नकोस, आत काच आहे. चिरंजीवांना सांग, महिन्याकाठी अपडेट आलंय का ते बघायचं, आणि सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-टू आणि थ्री दोन्ही राहू दे. नुसतं थ्री ठेवलं तर तुझा जुना टीव्ही रुसेल.

पारावरच्या पोरांचं तूच ठरव. ओटीचा पासवर्ड मी अजून कुणाला दिलेला नाही. रात्री अकराला ती आपोआप बंद होईल अशी वेळही लावता येते. तेवढं मी केलेलं नाही.

वहिनीला नमस्कार. खाज्याचा डबा पुढच्या खेपेला परत आणते.

तुझी,
बाय